कड्यावरचा समुद्रलांडगा

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्हँकुव्हरला राहणाऱ्या मावशीने भाचीला चांदीचं एक रुंद, उघड्या तोंडाचं कडं पाठवलं. त्यावर लांडग्यासारखं लांब तोंड, टोकदार दात आणि उभे कान आहेत, पण पाठीवर माशासारखा पर आहे आणि शेपूट वर वळलेली आहे. दुकानात ‘हायडा लोकांचं हातकाम’ असं सांगितलं होतं; हायडा म्हणजे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या बेटांवरचे मूळ रहिवासी. भाचीचे प्रश्न चार आहेत. प्राणी कोणता? काम खरंच हाताचं आहे का? कडं काळं पडतंय, ते कसं उजळायचं? आणि कोल्हापूरच्या बाजूला एवढे चांगले कारागीर आहेत, तर त्यांच्याकडून हुबेहूब तशीच दोन कडी करून बहिणींना देता येतील का?

मी चांदीवर कोरीव काम करतो. कोल्हापूरजवळच्या हुपरीत शिकलो, तिथे अकरा वर्षं काढली आणि गेली सतरा वर्षं व्हँकुव्हरमध्ये दागिन्यांची दुरुस्ती करतोय. हायडा कडी माझ्या हातून सतत जातात. कुणाचं तोंड फाकलेलं असतं, कुणाला मधोमध चीर गेलेली असते. उत्तर लांबेल, कारण चौथ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे आणि ते घाईत सांगण्यासारखं नाही.

वर्णनावरून हा वासगो आहे, म्हणजे समुद्रलांडगा. हायडा कथांमधला हा प्राणी थोडा लांडगा, थोडा देवमासा. राहतो तळ्यात, शिकारीला जातो समुद्रात आणि पकडलेले देवमासे कानांमागे अडकवून, शेपटीत धरून घरी आणतो. म्हणून चांगल्या कामात दोन कानांच्या मध्ये किंवा वळलेल्या शेपटीच्या आत एक छोटा देवमासा कोरलेला सापडतो. लांब तोंड, दिसणारे दात, लांब कान, पंजांची नखं हे सगळं लांडग्याचं. पाठीवरचा उभा पर देवमाशाचा. तोंड आखूड, नाकपुड्या मोठ्या आणि जीभ बाहेर आलेली असेल, तर मात्र तो समुद्री अस्वल असू शकतो. त्यालाही पर असतात. दुकानदार या दोघांत बऱ्याचदा गल्लत करतात.

बाकीचे प्राणी ओळखणं त्या मानाने सोपं आहे. डोमकावळ्याची चोच सरळ, गरुडाची टोकाला खाली वळलेली. बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्याचे पुढचे दोन मोठे दात आणि शेपटीवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी. बेडकाचं तोंड रुंद आणि बिनदातांचं. दोन्ही टोकांना तोंड असलेला साप दिसला आणि कुणी त्याला ‘हायडा’ म्हणालं, तर थांबा. तो सिसिउटल, मुख्यतः दक्षिणेकडच्या क्वाक्वाकावाक्व लोकांचा. या किनाऱ्यावर वेगवेगळे समाज आहेत, त्यांच्या भाषा वेगळ्या, रेषेची धाटणीही वेगळी. सगळ्यांना सरसकट ‘हायडा’ म्हणायची बाजाराची सवय आहे, कारण ते नाव खपतं.

वासगोची गोष्ट सांगतो, कारण ती ठाऊक नसेल तर कड्यावर नुसताच एक विचित्र प्राणी दिसतो. एक जावई असतो. सासू त्याला रोज टाकून बोलते: आळशी आहे, कामाचा नाही. तो गावामागच्या तळ्यावर जातो, सीडरचं झाड पाडतो, खोड उभं चिरतो आणि दोन फाकांमध्ये आडवं लाकूड घालून ती ताणून धरतो. वासगो पाण्यातून वर येतो, फाकांमध्ये डोकं घालतो, जावई मधलं लाकूड उडवतो आणि फाका मिटतात. मग तो त्या प्राण्याचं कातडं काढतो, अंगावर चढवतो आणि रात्री समुद्रात उतरतो. गावात उपासमार चालू असते. तो आधी मासा आणून सासूच्या दारासमोरच्या किनाऱ्यावर टाकतो, मग त्याहून मोठं काहीतरी, शेवटी अख्खे देवमासे. सासूला वाटतं ही आपलीच शक्ती. ती गावासमोर स्वतःला मांत्रिक म्हणवून घेते आणि मान मिळवते. एके दिवशी त्या कातड्यातून जावई बाहेर पडताना तिला दिसतो आणि ती लाजेने मरते. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. जॉन स्वॉन्टन हा मानववंशशास्त्रज्ञ १९००-०१ मध्ये हायडा गावांत राहून कथा उतरवून घेत होता. त्याने ही कथाही नोंदवली आहे.

आता त्या गोष्टीची मालकी. हायडा समाज दोन भागांत वाटलेला आहे, डोमकावळा आणि गरुड. लग्न पलीकडच्या भागातच करायचं, आपल्याकडे एका गोत्रात करत नाहीत तसं. कूळ आईकडून येतं. प्रत्येक कुळाची काही चिन्हं असतात: ठरावीक प्राणी, आणि त्यांच्यासोबत ठरावीक गोष्टी, गाणी, नावं. ती चिन्हं घराच्या खांबावर, नाचाच्या पांघरुणावर, टोपीवर आणि दागिन्यावर लावायचा हक्क त्या कुळाचा. हा हक्क वारसाने मिळतो आणि चारचौघांसमोर मांडायचा असतो. त्यासाठी पॉटलॅच नावाचा समारंभ होतो: यजमान पाहुण्यांना बोलावतो, आपली नावं आणि चिन्हं जाहीर करतो आणि भेटी देतो. भेट घेणारा पाहुणा त्या हक्काचा साक्षीदार ठरतो.

आपल्याकडे लग्नात देवक बसवतात. कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस. आपल्या देवकाबद्दल घरात जी भावना असते ती आठवली की हायडा चिन्हाजवळ थोडं पोचता येतं. फरक एवढाच की देवक आपण मिरवत नाही, दुसऱ्या कुणी ते चित्रात काढलं म्हणून आपला हक्क गेला असंही कुणी मानत नाही. हायडांमध्ये चिन्ह ही मालमत्ता आहे, शेतजमिनीइतकी खरी.

आता हे चांदीवर कसं आलं ते बघा. हायडांच्या अंगावर पूर्वी कुळाची चिन्हं गोंदलेली असत, हातांवर, छातीवर. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले, गोंदण मागे पडत गेलं आणि गोंदणातलं चिन्ह मनगटावरच्या कड्यावर उतरलं. त्याआधी तांब्याची कडी होतीच. चांदी आली ती व्यापारातून, मेक्सिकन आणि अमेरिकन डॉलरच्या नाण्यांच्या रूपाने. नाणं ठोकून पत्रा करायचा आणि त्यावर कोरायचं. आपल्या आज्यांनी राणीछाप रुपये वितळवून तोडे आणि वाळे करून घेतले, तसंच हे. म्हणून खरोखर जुन्या हायडा कड्यावर ९२५ हा शुद्धतेचा शिक्का शोधू नका. नाण्याची चांदी साधारण ९०० टंचाची, आणि त्यावर कुणी शिक्का मारत नसे.

तो काळ समजून घेतल्याशिवाय त्या कड्यांची किंमत कळत नाही. हायडा ग्वाय हा बेटांचा समूह कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागासमोर समुद्रात आहे. २०१० पर्यंत नकाशावर त्याचं नाव क्वीन शार्लट बेटं असं होतं. १८६२ ची देवीची साथ आणि पाठोपाठच्या साथी यांनी हजारोंची वस्ती शतकाअखेरीला सहाशेच्या आसपास आणून सोडली. गावंच्या गावं ओस पडली, उरलेली माणसं मुख्यतः मॅसेट आणि स्किडगेट या दोन गावांत एकवटली. त्यातच १८८४ मध्ये कॅनडाच्या सरकारने कायद्याने पॉटलॅचवर बंदी घातली. ती १९५१ पर्यंत टिकली. खांब उभारणं थांबलं, मोठी घरं पडली. मनगटावरचं कडं मात्र घालता येत होतं, लपवता येत होतं, लेकीला देता येत होतं. मी जेव्हा जेव्हा एखादं जुनं कडं हातात घेतो तेव्हा हे मनात असतं. जे खांबावर कोरता येत नव्हतं, ते दोन बोटं रुंदीच्या पत्र्यावर तग धरून राहिलं.

ते टिकवणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव चार्ल्स एडनशॉ यांचं. हायडा नाव दा.आ.खीगांग. साधारण १८३९ चा जन्म, १९२० साली मृत्यू. चांदी, सोनं, लाकूड आणि आर्जिलाईट नावाचा काळा दगड, सगळ्यांत त्यांचा हात चालायचा. त्यांनी कामावर सही केली नाही. आज त्यांची कडी रेषेवरून ओळखतात. त्यांना वारसा मिळाला मामांकडून. त्यांचे भाचे चार्ल्स ग्लॅडस्टोन हेही चांदीवर कोरत. त्या ग्लॅडस्टोनांचा नातू, म्हणजे मुलीचा मुलगा, बिल रीड. १९२० चा जन्म. वाढला हायडा गावाबाहेर, रेडिओवर निवेदक झाला, टोरंटोत नोकरी करता करता १९४८ पासून दागिने घडवायचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मग आईच्या माणसांच्या कलेकडे वळला. रॉबर्ट डेव्हिडसन हे एडनशॉंचे पणतू, रीडकडे शिकलेले. १९६९ मध्ये त्यांनी मॅसेटला खांब उभा केला. जवळजवळ शतकभरात तिथे खांब उभा राहिला नव्हता. मामा-भाचे, आजोबा-नातू असा हा धागा आहे. तुमच्या कड्याचा कारागीर या धाग्यात कुठेतरी बसलेला असेल, तरच ते हायडा काम.

आता रेषेकडे येतो. कडं खरं की खोटं हे पारखताना लोक आधी शिक्का बघतात, मग वजन. मी आधी डोळा बघतो, त्या प्राण्याचा डोळा.

या कलेचा पाया म्हणजे एक जाड, वाहती रेषा. इंग्रजीत तिला फॉर्मलाईन म्हणतात. बिल होम या अभ्यासकाने १९६५ मध्ये तिचे नियम मांडताना हा शब्द रूढ केला. ही रेषा प्राण्याच्या अंगभर अखंड फिरते. कुठे फुगते, कुठे निमुळती होते, पण कुठेही मध्येच तुटत नाही. चित्रात ती बहुधा काळी असते. चांदीत ती म्हणजे न कोरलेला, चकचकीत राखलेला भाग. कोरून काढतात ती तिच्या आजूबाजूची जागा. आपल्याकडच्या नक्षीकामात आपण वेल कोरतो आणि जमीन मोकळी सोडतो. इथे जमीन कोरायची आणि वेल सोडायची. हुपरीच्या सवयीचा हात घेऊन मी पहिल्यांदा हे काढायला बसलो तेव्हा माझी कोरणी पुन्हा पुन्हा चुकीच्या बाजूला जायची.

डोळा बसतो ओव्हॉइडमध्ये. हा आकार अंडाकृती नाही, आयतही नाही. वरची कड फुगीर, खालची कड मधोमध किंचित आत दबलेली, कोपरे गोल पण ताठ. वरची रेषा जाड, खालची बारीक. भिजलेलं कातडं दोन गोट्यांवर ताणून बसवलं तर जसा ताण दिसेल, तसा ताण या आकारात हवा. नकली कामात पहिल्यांदा हाच ताण जातो. ओव्हॉइड बटाट्यासारखा सैल पडतो, किंवा पट्टीने आखल्यासारखा ताठर होतो. दोन्हीत प्राणी मेलेला दिसतो.

दुसरी जागा रेषा जिथे एकमेकींना मिळतात ती. दोन जाड रेषा नुसत्या जोडल्या तर सांध्यावर चकचकीत चांदीचा गोळा दिसतो आणि नजर तिथेच अडकते. म्हणून जाणता हात सांध्यात एक बारीक चंद्रकोर किंवा इंग्रजी टी अक्षरासारखी खाच घेतो. खाच तांदळाच्या दाण्याहूनही छोटी असते, पण ती घेतली की रेषा मोकळी वाहते. तुमच्या कड्यावर लांडग्याचा जबडा गालाला मिळतो तिथे बघा. खाच आहे का, आणि तिची टोकं सुईसारखी निमुळती झाली आहेत का?

तिसरी गोष्ट मांडणीची. कडं सपाट ठेवलं असतं तर चेहरा मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंगाचे दोन अर्धे भाग पसरलेले दिसले असते, जणू प्राणी उभा चिरून उलगडला आहे. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने याची फोड कड्यावरूनच केली होती. प्राणी नाकापासून शेपटीपर्यंत चिरलेला कल्पायचा. दोन बाजू नाकाशी आणि शेपटीशीच जोडलेल्या राहतात आणि मधून हात आत जातो. म्हणजे कडं घातलं की मनगट प्राण्याच्या पोटातून जातं. त्याच बोआसला संग्रहातल्या वस्तूंवरची चिन्हं ओळखून सांगणाऱ्यांत स्वतः एडनशॉ होते, १८९७ मध्ये. वासगो मात्र पुष्कळदा एका बाजूने, लांबलचक अंगाने काढतात, तोंड एका टोकाकडे आणि शेपूट दुसऱ्या टोकाकडे. दोन्ही रीती खऱ्या.

आता भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं. मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही बरंच दिसतं. प्रकाश समोरून नको, एका बाजूने तिरका हवा.

हाताने कोरलेल्या रेषेत कोरणीने चांदीची साल काढलेली असते. खाचेच्या भिंती आरशासारख्या लखलखतात, कारण धारदार पोलाद धातू कापत गेलं आहे. रेषेची सुरुवात उथळ, मग खोल, शेवट पुन्हा उथळ. वळणावर हात तिरपा झाला की एक भिंत रुंद होते, ती प्रकाश वेगळा फेकते. जाळीच्या रेघा जवळजवळ समान असतात, अगदी समान कधीच नसतात. ओतीव कामात खाचेचा तळ गोलसर आणि मंद दिसतो, कडा साबणासारख्या झिजलेल्या आणि कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. साच्यात दाबून काढलेल्या पत्र्यात रेषा सगळीकडे एकाच खोलीची असते आणि पातळ पत्रा असेल तर आतल्या बाजूला उलटा ठसा उमटलेला दिसतो. यंत्राने कोरलं असेल तर खाचेच्या तळाशी एकमेकांना समांतर, एकसारख्या बारीक रेघा दिसतात.

आतल्या बाजूला उलटा उठाव दिसला म्हणून लगेच निराश होऊ नका. पत्रा राळेवर ठेवून मागून ठोकून उठाव आणायची रीतही आहे, बिल रीड यांनी ती वापरली. पण ठोककामात हातोडीच्या खुणा असतात, साच्यात नसतात.

आणखी एक बारकावा सांगायला हवा. काही हायडा कलाकार स्वतःच आपल्या रेखाटनांवरून ओतीव पदकं, कानातली करू देतात, म्हणजे सर्वांच्या खिशाला परवडतील. ती खोटी नाहीत. कलाकाराचं नाव आणि संमती तिथे आहे. खोटं ते, ज्यावर कुणाचंच नाव नाही आणि ‘हायडा स्टाईल’, ‘नेटिव्ह डिझाईन’ अशी मोघम चिठ्ठी आहे. प्रामाणिक दुकान तीन गोष्टी न विचारता सांगतं: कोरणाऱ्याचं नाव, समाज आणि कोरलेला प्राणी. आजचे कारागीर कड्याच्या आत नाव किंवा आद्याक्षरं कोरतात, त्याशेजारी ९२५ किंवा स्टर्लिंग असं असतं, कधी सालही. मावशीला पावती आणि सोबतचं कार्ड शोधायला सांगा. ते कड्याइतकंच जपून ठेवायचं.

किमतीबद्दल आपली मराठी सवय सोडावी लागते. साधारण १५० मिलिमीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि १.३ मिलिमीटर जाड पत्रा म्हणजे जवळपास ५० ग्रॅम चांदी. ‘चांदी एवढ्याची, मग मजुरी एवढी कशी?’ हा प्रश्न मला इथेही आपली माणसं विचारतात. त्या ५० ग्रॅमचा भाव हा किमतीचा लहान हिस्सा. बाकी सगळं त्या रेषेचं. मात्र पत्रा फार पातळ वाटला, बोटांनी सहज वाकत असला, तर शंका घ्या. पातळ पत्र्यावर खोल काप घेता येत नाही, म्हणून चांगला कारागीर तो निवडत नाही.

आता उजळायचं. आधी एक घडलेलं सांगतो. एका बाईंनी माझ्याकडे कडं आणलं, नवऱ्याने पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेलं डोमकावळ्याचं कडं. काळं पडलं म्हणून त्यांनी ते एका दुकानात दिलं होतं. तिथे ते बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, लाल पॉलिश लावून घासलं गेलं. परत आलं ते आरशासारखं चमकत. भिंगाखाली बघितलं तर जाळीच्या रेघा अर्ध्या पुसलेल्या, कडा गोल, सांध्यातल्या खाचा भरल्यासारख्या. त्यांनी विचारलं, पुन्हा कोरून द्याल का? कोरणी माझ्या हातात होती आणि रेषा कुठून जात होती तेही दिसत होतं. तरी मी नाही म्हणालो. पुसलेली रेषा पुन्हा काढणं म्हणजे तिची जाडी, तिचा ताण पुन्हा ठरवणं, आणि ते ठरवायचा अधिकार ज्याने ती काढली त्याचा. आत नाव होतं. त्यांनी त्या कलाकाराला शोधलं, त्याने कडं ठेवून घेतलं आणि स्वतः पुन्हा कापलं.

म्हणून बफ नको, एवढं सगळ्यात आधी. चांदीच्या भांड्यांना आपण रांगोळी लावतो, राख लावतो, टूथपेस्ट लावतो. यातलं काहीही या कड्याला लावू नका, ओरखडे पडतात. बुडवून काढायचं रसायन नको. अ‍ॅल्युमिनियमची फॉईल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा घरगुती उपाय साध्या वाटीला ठीक आहे, पण तो सगळाच काळेपणा काढतो. कोरलेल्या खोलगट भागातला काळेपणा बऱ्याचदा कारागिराने मुद्दाम आणलेला असतो, चकचकीत रेषा उठून दिसावी म्हणून. तो गेला की चित्र फिकं पडतं. मऊ, चांदीसाठीचं पुसायचं कापड घ्या, कड्याच्या लांबीच्या दिशेने फक्त वरचा चकचकीत भाग पुसा, खाचांत कापड दाबू नका. घामट झालं असेल तर कोमट पाणी, एक थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं करा.

काळं पडायचं कारण हवेतला गंधक. दमट हवेत ते लवकर होतं, म्हणून मुंबई-कोकणात जास्त जपावं लागतं. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, हवा काढून, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. रबरबँड जवळसुद्धा नको; रबरातही गंधक असतो आणि त्याचा काळा पट्टा चांदीवर उमटतो. आणि खरं सांगायचं तर रोज घातलेलं कडं कमी काळं पडतं.

घालायची रीतही शिकून घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या मोडलेल्या कड्यांतली निम्मी चुकीच्या घालण्याने मोडलेली असतात. दोन्ही टोकं धरून फाकवायची, हात घालायचा, पुन्हा दाबायची, असं करू नका. चांदी दर वेळी थोडी कडक होत जाते आणि एक दिवस मधोमध चिरते, म्हणजे नेमकी चेहऱ्यात. मनगटाच्या बाजूला, हाडाच्या थोडं वर, जिथे हात सगळ्यात अरुंद असतो तिथे आधी एक टोक बसवा, मग कडं फिरवत दुसरं टोक सरकवा. आकार बदलायचा असेल तर तो एकदाच, जाणत्या माणसाकडून, लाकडी हातोडीने.

तुम्ही हे कडं जरूर घाला. हायडा कलाकार जी कामं विकायला ठेवतात ती सगळ्यांनी घालावीत म्हणूनच. कुणी विचारलं तर प्राण्याचं नाव आणि कोरणाऱ्याचं नाव सांगा.

हुबेहूब कडी करून घेण्याबद्दल माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मी हुपरीचा माणूस म्हणून देतोय. तिथे असे हात आहेत की फोटो दिला तर चार दिवसांत कडं तयार होईल आणि पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. कौशल्याची अडचण मुळीच नाही. पण वासगो कोण कोरू शकतो, कोणत्या घराची तो आठवण आहे, हे ठरवण्याचा अधिकार ज्यांनी माणसं, गावं आणि समारंभ गमावूनही राखून ठेवला, तो आपल्या घरच्या भेटीसाठी बाजूला सारावा असं मला वाटत नाही. शिवाय तुमच्या कड्यावरची ती विशिष्ट मांडणी एका जिवंत कलाकाराची आहे, तिच्यावर त्याचं पोट आहे. बहिणींना द्यायचंच असेल तर मावशीला सांगा: व्हँकुव्हरमध्ये बिल रीड गॅलरी आहे, स्किडगेटला काय ल्नागाय इथे हायडा ग्वायचं संग्रहालय आहे, तिथे कारागिरांची नावं कळतात. रुंद कड्याऐवजी छोटं पदक किंवा कानातलं घेतलं तर खर्चही आवाक्यात येतो. आणि हुपरीच्या कारागिराकडून हुपरीचंच काम घ्या, पैंजण, वाळे, जोडवी. त्याचा हात तिथे सगळ्यात मोकळा चालतो.

कड्याचे तीन फोटो काढून पाठवा: चेहरा, आतलं नाव आणि शेपूट. उजेड खिडकीतून एका बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद ठेवा. शेपटीचा फोटो नीट जवळून घ्या. वळणाच्या आत एक छोटा डोळा, त्यावर उभा पर आणि टोकाला दुभंगलेली शेपटी दिसली, तर तो वासगोने धरलेला देवमासा आहे.